वर पोचला ना, मग झालं तर!

काही वाक्यं अशी असतात की ती ऐकली की वाद घालायला तोंड उघडण्याआधीच दमायला होतं. 'शेवटी वर पोचला ना, मग झालं तर!' हे त्यातलंच एक. कड्यांवर चढणाऱ्यांचा विषय निघाला की कुणी ना कुणी हे म्हणतंच. म्हणणारा माणूस वाईट नसतो. उलट त्याला कौतुकच करायचं असतं. कसा चढला, किती भोकं पाडली, दोराला लोंबकळला की बोटांनी खडक धरला, याच्याशी आपल्याला काय करायचंय? झेंडा लागला, फोटो निघाला, पेपरात नाव आलं. विषय संपला.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. प्रस्तरारोहणात वर पोचणं ही सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. आणि 'पहिली चढाई' या शब्दांना जर काही किंमत असेल, तर ती 'पहिली' या शब्दात नाही, 'चढाई' या शब्दात आहे. हे नुसतं हवेत बोलून पटणार नाही, म्हणून एका भिंतीची गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण ३००० फूट. अंदाज यावा म्हणून सांगतो, बारा कुतुबमिनार एकावर एक ठेवा. आता गंमत बघा. या कड्याच्या माथ्यावर मागच्या बाजूने पायवाटेने चालत जाता येतं. लांब आहे, दमछाक होते, पण पाण्याची बाटली आणि बरे बूट एवढ्या भांडवलावर कुणीही धडधाकट माणूस जाऊ शकतो. म्हणजे वर पोचणं हाच उद्देश असेल, तर समोरच्या भिंतीला हात लावायचं कारणच उरत नाही. ज्या क्षणी तुम्ही पायवाट सोडून भिंतीशी उभे राहता, त्या क्षणी तुम्ही कबूल केलेलं असतं की मला 'वर' नकोय, मला 'इथून' हवंय. आणि एकदा 'इथून' म्हटलं की 'कसं' हा प्रश्न आपोआप आलाच.

या कड्यावरून पहिली वाट काढली ती वॉरेन हार्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी, १९५८ साली. 'नोज' म्हणतात त्या वाटेला. कड्यावर दोर बांधून ठेवायचे, खाली यायचं, पुन्हा जायचं, असं करत साधारण दीड वर्षात मिळून ४५ दिवस ते चढत होते. हा हार्डिंग म्हणजे एक वल्लीच. दारू पिणारा, शिष्टाचार धाब्यावर बसवणारा आणि चिवटपणात कुणाला न ऐकणारा. १९७० साली तो डीन कॉल्डवेल नावाच्या साथीदाराबरोबर कड्याच्या उजवीकडच्या भिंतीला भिडला. सकाळचं पहिलं ऊन या भिंतीवर पडतं, म्हणून तिचं नाव पहाटेवरून पडलं. आज जग तिला 'डॉन वॉल' म्हणतं. ही भिंत इतकी गुळगुळीत की मेखा ठोकायला भेगासुद्धा धड नाहीत. मग काय केलं? हातोडी आणि पहार घेऊन खडकात भोकं पाडली. एक नाही, दोन नाही, तीनशेच्या वर. भोक पाडायचं, बोल्ट ठोकायचा, त्याला शिडी अडकवायची, त्या शिडीवर उभं राहून पुढचं भोक पाडायचं. वादळं आली, अन्न संपत आलं, खालून सुटकेची तयारी सुरू झाली तर यांनी 'आम्हाला कुणी सोडवायला येऊ नका' म्हणून कळवलं. तब्बल २७ दिवसांनी दोघं माथ्यावर पोचले तेव्हा पत्रकार वाट बघत उभे होते.

झाली ना पहिली चढाई? मग ४४ वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, त्याच भिंतीच्या पायथ्याशी पुन्हा पत्रकारांची गर्दी का झाली? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अभिनंदन का केलं? तेव्हा बऱ्याच शहाण्या माणसांना हाच प्रश्न पडला होता. 'अहो, त्यावर तर आधीच चढून झालंय की!'

इथेच सगळी मेख आहे.

२०१५ ची चढाई 'फ्री' होती. या शब्दाने मोठा घोटाळा केला. अनेकांना वाटलं की फ्री म्हणजे दोराशिवाय. तसं नाही. दोर असतो, हार्नेस असतो, बोल्टसुद्धा असतात. पण ते फक्त पडलात तर धरण्यासाठी. वर सरकायचं ते स्वतःच्या बोटांनी आणि पायांनी, खडकावर जे काही आहे तेवढंच धरून. बोल्ट धरून एक वीतभर वर गेलात, दोरावर क्षणभर वजन टाकलंत, तरी तो टप्पा बाद. दोराचा एक टप्पा म्हणजे एक पिच. पडलात की त्या पिचच्या सुरुवातीला परत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याला हे कळायला खरं तर काहीच अवघड जाऊ नये. आपण कबड्डी खेळत मोठे झालो. चढाई करणाऱ्याने समोरच्या तिघांना हात लावला आणि रेषेवर परत आला, पण मध्येच दम तुटला, तर काय? बाद! 'शेवटी हात लावला ना, मग झालं तर' असं तिथे कुणी म्हणत नाही. म्हटलं तर पोरं त्याला पुन्हा खेळायला घेणार नाहीत. दम टिकवणं हाच तर खेळ आहे. नाहीतर चार माणसांना शिवून येण्यात काय आहे? (आणि योगायोग बघा, त्यालाही आपण 'चढाई'च म्हणतो.)

तर टॉमी कॉल्डवेल (डीन कॉल्डवेलशी याचं नातं नाही) या भिंतीवरून फ्री जाणारी वाट सापडते का, हे २००७ च्या सुमारास शोधायला लागला. हार्डिंगच्याच भिंतीवर, पण वाट बरीच वेगळी. हा माणूस कोण, तर २००० साली किर्गिझस्तानात चढाईला गेला असताना बंडखोरांनी सहा दिवस ओलीस ठेवलेला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी लाकूड कापायच्या करवतीत डाव्या हाताची तर्जनी गमावलेला. चढणाऱ्याची तर्जनी! बरं, ज्या भिंतीची त्याने निवड केली तिच्यावर धरायला काय, तर नाण्याच्या कडेएवढ्या जाडीच्या कंगोऱ्या. कित्येक हंगाम तो नुसता भिंतीवर लटकून, इथली कंगोरी तिथल्या कंगोरीला जोडता येते का, हे तपासत होता.

२००९ मध्ये त्याला केविन जॉर्जेसन येऊन मिळाला. हा मोठमोठ्या शिळांवर छोट्या पण अत्यंत अवघड चढाया करणारा. एल कॅपिटनवर तो कधी चढलाच नव्हता. मग २०१० साली वादळाने परत पाठवलं. २०११ साली भिंतीवर एक उडी मारायची जागा आहे, तिथे जॉर्जेसनचा घोटा गेला. २०१३ साली सामानाच्या बोचक्याचा हिसका बसून कॉल्डवेलची बरगडी दुखावली. दरवर्षी थंडी आली की ही जोडी भिंतीशी हजर आणि दरवर्षी हात हलवत परत. थंडीतच का? कारण गारव्यात बोटांना घाम येत नाही आणि रबराची पकड चांगली बसते. उन्हात ही पकड अशक्यच. म्हणून अवघड टप्पे ते डोक्याला दिवा बांधून रात्री चढायचे.

२७ डिसेंबर २०१४ ला त्यांनी सुरुवात केली. ठरलेला नियम साधा होता. एकूण ३२ पिच. दोघांनीही प्रत्येक पिच न पडता चढायची. सगळं होईपर्यंत जमिनीवर उतरायचं नाही. मुक्काम भिंतीवर टांगलेल्या कापडी पलंगावर. १४ वी आणि १५ वी पिच सगळ्यात कठीण, दोन्हींची श्रेणी ५.१४डी. म्हणजे एकेकटी जमिनीलगत असती तरी जगातल्या मोजक्याच लोकांना जमली असती. कॉल्डवेल दोन्ही पार करून गेला. जॉर्जेसन पंधराव्या पिचवर अडकला.

अडकला म्हणजे किती? सात दिवस. तो चढायचा, पडायचा. बोटांच्या टोकांची कातडी त्या धारदार कंगोऱ्यांवर फाटायची. मग गोंद लावा, चिकटपट्टी लावा, आणि कातडी भरून येण्यासाठी दोन दिवस पलंगावर नुसतं पडून राहा. खाली कॅमेरे रोखलेले, पेपरात रोज बातमी. इकडे कॉल्डवेल पुढे विसाव्या पिचपर्यंत जाऊन आला होता. तिथून पुढची वाट त्याच्या मानाने सोपी होती. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सात वर्षं घालवली, ती आता एक-दोन दिवसांवर होती. हवामान कधीही फिरू शकलं असतं. जोडीदारालाही कळत होतं की आपण अडसर झालोय.

कॉल्डवेल थांबला. केविनशिवाय मी माथ्यावर जाणार नाही, असं त्याने ठरवलं आणि मागे येऊन त्याचा दोर धरून बसला. ९ जानेवारीला, दहा वेळा पडून झाल्यावर अकराव्या प्रयत्नात, जॉर्जेसनने पंधरावी पिच पार केली. पुढच्या सोळाव्या पिचवर सुमारे आठ फुटांची ती उडी होती. कॉल्डवेलने तिला वळसा घालणारी वेगळी वाट काढली, जॉर्जेसनने उडीच मारली. १४ जानेवारी २०१५ ला, एकोणिसाव्या दिवशी, दोघं मिळून माथ्यावर पोचले.

आता मला सांगा, 'वर पोचला ना, मग झालं तर' हे वाक्य या गोष्टीत कुठे बसवणार? पंधराव्या पिचवर जॉर्जेसनने एक बोल्ट पकडला असता, फक्त एक, तर पाच सेकंदांत तो वर होता. आणि तरीही तो सात दिवस तिथे होता, कारण बोल्ट धरून मिळालेलं 'वर' त्याच्या दृष्टीने वरच नव्हतं. सगळं मोल त्या न धरलेल्या बोल्टमध्ये आहे. त्या पाच सेकंदांना नकार देत घालवलेल्या सात दिवसांत आहे.

इथे हमखास येणारे तीन आक्षेप मला ठाऊक आहेत. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला आक्षेप: 'हे पण काही शुद्ध नव्हतेच! भिंतीवर आधीपासून दोर लावलेले, मित्र सामान पोचवतायत, छायाचित्रकार लटकलेत, प्रायोजक आहेत.' खरं आहे. आणि वाट शोधताना त्यांनीही बोल्ट ठोकलेत, हेही खरं. पण त्यांनी कधी 'आम्ही काहीच वापरलं नाही' असा दावा केला नाही. काय वापरलं आणि काय नाही, हे उघड सांगितलं आणि सांगितलेलं पाळलं. पुढे २०१६ मध्ये चेक प्रजासत्ताकाचा अ‍ॅडम ओंद्रा आला आणि तीच वाट त्याने आठ दिवसांत फ्री चढली. यांची तयार वाट मिळाल्यामुळे मला सोपं गेलं, असं त्याला म्हणता आलं. यांनाही ओंद्राचं तोंडभरून कौतुक करता आलं. कारण मोजपट्टी सगळ्यांना माहीत होती. मी सोवळ्याची नाही, हिशेबाची गोष्ट करतोय.

दुसरा आक्षेप: 'म्हणजे हार्डिंग बिचारा खोटा?' मुळीच नाही. हार्डिंगने काही लपवलं नाही. भोकं पाडली आणि पाडली असं सांगितलं. याबद्दल एक फार सुंदर प्रकार घडला. रॉयल रॉबिन्स नावाचा त्याच काळातला दुसरा दिग्गज, शुद्धतेचा कडवा पुरस्कर्ता. हार्डिंगने एवढी भोकं पाडून वाट 'तयार' केली याचा त्याला इतका राग आला की १९७१ साली तो त्याच वाटेवर चढायला गेला, तेही छिन्नी घेऊन! वर जाता जाता बोल्ट तोडत जायचे, वाटच पुसून टाकायची. सुरुवातीचे बोल्ट त्याने तोडलेही. आणि मग थांबला. कारण बोल्टांच्या मधली चढाई त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाली. हार्डिंग काय दर्जाचा चढणारा आहे, हे त्याला भिंतीवर कळलं. छिन्नी बाजूला ठेवून तो उरलेली वाट आहे तशी चढून गेला. रॉबिन्सचा राग बरोबर होता असं माझं मत आहे, आणि त्याचं थांबणंही तेवढंच बरोबर होतं. दोघांनाही 'कसं' महत्त्वाचं वाटत होतं, म्हणून तर भांडण झालं. 'वर पोचला ना, झालं तर' म्हणणाऱ्यांच्यात असं भांडण कधी होणारच नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: 'सुरक्षिततेचं काय? बोल्ट नकोत म्हणजे पोरांनी मरायचं का?' नाही हो. पडल्यावर धरायला बोल्ट ठोका, जिथे दुसरा इलाजच नाही तिथे जरूर ठोका, चांगला पोलादी ठोका. माझं भांडण पडताना धरणाऱ्या बोल्टशी नाही. चढताना धरलेल्या बोल्टशीही नाही, जर तसं स्पष्ट सांगितलं तर. माझं भांडण आहे ते दुसऱ्याने पहिल्याचं नाव लावून मिरवण्याशी.

आणि ही फक्त नावांची बाब नाही. याची दुसरी टोकाची गोष्ट दक्षिण अमेरिकेत, पातागोनियातल्या सेरो तोरे या सुळक्यावर घडली. १९५९ साली चेझारे माएस्त्री या इटालियन चढणाऱ्याने सांगितलं की मी आणि टोनी एगर माथ्यावर जाऊन आलो. उतरताना हिमकडा कोसळून एगर गेला, आणि कॅमेरा त्याच्याचजवळ होता. सुरुवातीला जगाने विश्वास ठेवला. या खेळात माणसाचा शब्द हाच पुरावा असतो; वर कुणी पंच बसलेला नसतो. पण हळूहळू शंका सुरू झाल्या. चिडलेला माएस्त्री १९७० साली पुन्हा तिथे गेला, दुसऱ्या बाजूने, आणि जाताना बरोबर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन गेला! यंत्राने साधारण चारशे बोल्ट ठोकत तो वर गेला, आणि माथ्यावरची बर्फाची टोपी 'हा काही डोंगराचा भाग नाही' म्हणून न चढताच उतरला. कॉम्प्रेसर तिथेच लटकत ठेवला. हार्डिंग भिंतीवर होता ते हेच वर्ष.

ही चारशे भोकं नेमकी कुणाला लागली? डोंगराला काही वाटत नाही. ती लागली नंतर येणाऱ्यांना. ज्या कड्यावर 'हे माणसाला जमेल का?' हा प्रश्न लिहिलेला होता, तिथे माएस्त्रीने उत्तर लिहिलं नाही, प्रश्नच खोडून टाकला. राइनहोल्ड मेसनरने याच प्रवृत्तीवर त्या काळात एक लेख लिहिला, त्याच्या नावाचा अर्थच 'अशक्याचा खून' असा होतो. त्या नावात सगळं आलं. पुढे २००५ मध्ये तिघे गिर्यारोहक १९५९ ची म्हणून सांगितलेली बाजू चढले, तर तिथल्या वरच्या भागात माएस्त्री गेल्याची एकही खूण सापडली नाही. आणि जानेवारी २०१२ मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रूक हे दोन तरुण त्याच्या बोल्टांच्या शिडीचा आधार न घेता वर गेले आणि उतरताना शंभरावर बोल्ट काढून टाकले. यावरून खालच्या गावात रणकंदन झालं. त्यांनी न विचारता काढले हे चुकलंच, असं म्हणणारे कमी नाहीत, आणि मला त्यांचंही म्हणणं समजतं. पण त्यानंतर काही दिवसांतच डेव्हिड लामा नावाचा पोरगा तीच कड फ्री चढून गेला. म्हणजे माएस्त्रीने जिथे यंत्र वापरलं, तिथे हाताने जाण्यासारखी वाट होती. तिला फक्त चाळीस-बेचाळीस वर्षं वाट बघायला लावायची होती. माएस्त्रीला धीर नव्हता.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. कारण खरी तळमळ तिथली आहे.

आपल्याकडे कडा म्हटलं की पहिली आठवण येते ती लढाईची. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि मावळे रात्रीच्या अंधारात सिंहगडाचा कडा चढले. तिथे उद्देश वर पोचणं हाच होता. घोरपडीने नेलं की दोराने, शिडीने की नुसत्या हातांनी, हा प्रश्न विचारणारा मूर्ख ठरेल. युद्धात कडा ही अडचण असते आणि वर गेल्यावर खरं काम सुरू होतं. आपली कड्यांची सगळी भाषा तिथून आली: सुळका 'सर' केला, कडा 'जिंकला', मोहीम 'फत्ते'. आदराने आली, पण खेळाला ती लागू पडत नाही. सुळक्यावर आपला शत्रू बसलेला नसतो. तिथे आपण जिंकायला नाही, स्वतःला तपासून घ्यायला जातो. आणि तपासणीत कॉपी करून पास होण्याला अर्थ काय?

सह्याद्रीचा बसाल्ट म्हणजे योसेमिटीचा ग्रॅनाइट नव्हे, हे मलाही कळतं. थरावर थर, मध्येच भुसभुशीत पट्टा, हाताला आलेला दगड निखळून खाली. सलग भेगा कमी. त्यामुळे इथे बोल्ट आणि मेखा आल्याच. ज्या पिढीने तुटपुंज्या साधनांनी, रविवारची सुट्टी आणि एस.टी.चा प्रवास सांभाळून, लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी, नागफणी, कोकणकडा इथे वाटा शोधल्या, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. हाताने भोक पाडायला इतकी मेहनत पडायची की बोल्ट ठोकायच्या आधी माणूस दहा वेळा विचार करायचा. ती मेहनत हाच एक लगाम होता. आता बॅटरीवरचं ड्रिल आलंय. घर्र झालं की भोक तयार! लगाम गेला. म्हणूनच आता तो मनात असायला हवा.

आमच्या ग्रुपमध्ये एक दादा होते. एका सुळक्याच्या न चढलेल्या बाजूला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. दीड दोर वर गेल्यावर खडक कोरा झाला. पिशवीत बोल्ट होते, हातोडी होती, दिवस अर्धा बाकी होता. दादांनी तासभर इकडेतिकडे हात फिरवून पाहिला आणि खाली आले. एक नवीन पोरगा म्हणाला, "दादा, चार बोल्टांचा तर प्रश्न होता." दादा बूट काढत शांतपणे म्हणाले, "अरे, चार बोल्ट मारून मी गेलो असतो. पण मग जो हाताने जाऊ शकेल, त्याच्यासाठी काय ठेवलं असतं?" पोरांना वाटलं मोहीम फसली. मला आजही ती मी पाहिलेल्या चांगल्या मोहिमांतली एक वाटते.

हल्ली बातम्या वाचा. 'अमुक तासांत सुळका सर', 'अमुक वयाच्या बालकाची कामगिरी', 'एका दिवसात इतके सुळके'. सगळं काही असतं, फक्त कसं चढले ते नसतं. पुढे कोण चढलं? किती ठिकाणी बोल्ट धरला? आधीचे दोर लावलेले होते का? मुलाने स्वतः पकडी शोधल्या की वरून दोराने ओढून घेतलं? हे प्रश्न विचारले की लगेच 'तुम्हाला पोरांचं कौतुक नाही' असा शिक्का बसतो. अहो, कौतुक आहे म्हणूनच विचारतोय! पोरगं खरंच हाताने गेलं असेल, तर ओढून नेलेल्याच्या रांगेत त्याला उभं करणं हा त्याच्यावर अन्याय नाही का? 'वर पोचला ना, झालं तर' हे वाक्य दिसायला उदार आहे, पण ते सगळ्यात जास्त लुबाडतं ते प्रामाणिकपणे चढणाऱ्याला. त्याने न धरलेल्या बोल्टची त्यात नोंदच नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. चढून आल्यावर, फोटोच्या आधी, दोन ओळी लिहा. काय धरलं, काय नाही धरलं, कुठे दोरावर बसलो, कुठे पडलो. 'तीन जागी बोल्ट धरून गेलो' असं लिहिण्यात कसलीही लाज नाही. उलट ते वाचून पुढच्या कुणाला तरी कळतं की त्या तीन जागा अजून शिल्लक आहेत. तीन जागा शिल्लक असणं ही किती मोठी इस्टेट आहे! आणि जिथे जमत नाही तिथून परत या. ड्रिल पिशवीत ठेवून परत या. सुळका कुठे पळून जात नाही, सहा-साडेसहा कोटी वर्षं तो तिथेच आहे. आणखी एखादी पिढी सहज थांबेल.

डॉन वॉल ४४ वर्षं थांबली होती, तेही 'चढून झालेली' असताना. तिच्यावरून तीनशे भोकांची वाट गेली होती आणि तरीही ती बाकी होती, कारण काही लोकांना 'झालं तर' म्हणवेना. न झालेली चढाई ही कुणाची लाज नसते, ती पुढच्यांची ठेव असते. ती मोडून खायची की तशीच पुढे द्यायची, एवढाच प्रश्न आहे.